जुन्या संगणकाचा टीव्ही रेकॉर्डर

सह्याद्री वाहिनीवर भर दुपारी एखादी नाट्यसंगीताची मैफल लागते, एखाद्या शाहिराची किंवा लोककलावंताची मुलाखत लागते. आपण तेव्हा ऑफिसात असतो, शेतात असतो, नाहीतर दवाखान्याच्या रांगेत. तो कार्यक्रम पुन्हा केव्हा लागेल हे कोणी सांगू शकत नाही. इंटरनेटवर हल्ली बरेच काही सापडते, पण सगळे सापडत नाही, आणि आज सापडलेले पुढच्या वर्षी तिथे असेलच असेही नाही. ज्याला असे कार्यक्रम जपावेसे वाटतात, त्याने घरातल्या अडगळीत पडलेल्या संगणकाचा व्हिडिओ रेकॉर्डर करावा असे मला मनापासून वाटते. काम कठीण नाही. एक-दोन रविवार पुरतात, आणि संगणक घरचाच असेल तर खर्चही बेताचा येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पैसे चुकीच्या जागी जातात ते इथेच. रेकॉर्डर म्हटला की लोक आधी प्रोसेसर किती वेगवान हवा ते विचारतात. टीव्हीचा सिग्नल मात्र आकाशातून येतो तोच डिजिटल आणि आधीच आकुंचित होऊन. संगणकाला तो फक्त जसाच्या तसा उचलून डिस्कवर ठेवायचा असतो. या कामाला दहा-बारा वर्षांपूर्वीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी रग्गड झाली. रेकॉर्डिंग बिघडते ते सिग्नल कमजोर असला, घड्याळ चुकले, वीज गेली किंवा डिस्क भरली म्हणून. तेव्हा लक्ष द्यायचे ते या चार गोष्टींकडे.

आता रेकॉर्ड काय करता येते ते पाहू. पूर्वी टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची वस्तू मिळायची. केबलवाल्याची वायर त्यात खोचली की संगणकावर वाहिन्या दिसायच्या. केबलचे डिजिटायझेशन झाले आणि ती सोय संपली. मुंबईसाठी त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३. कपाटात तसले जुने कार्ड असेल तर वाहिन्यांसाठी त्याचा आता उपयोग नाही. केबल आणि सशुल्क डीटीएचचा सिग्नल कुलूपबंद असतो आणि किल्ली त्यांच्याच बॉक्समध्ये असते. ते कुलूप फोडण्याच्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ अशा तांत्रिक संरक्षणाला बगल देण्याविरुद्धच आहे.

खुली वाट आहे ती डीडी फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली प्रसार भारतीची ही सेवा मासिक वर्गणीशिवाय मिळते, आणि तिच्यावरच्या बऱ्याच वाहिन्या कुलपाविना येतात. सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी भारती, बातम्या, शैक्षणिक वाहिन्या, शिवाय काही खासगी वाहिन्या. स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचे रेकॉर्डिंग करणे हा प्रसारकाच्या हक्काचा भंग ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये लिहिलेले आहे. मात्र ते रेकॉर्डिंग आपल्या घरापुरतेच. यूट्यूबवर चढवणे, पेनड्राइव्हवर भरून विकणे हे त्यात बसत नाही.

फ्री डिशच्या अनेक सेट-टॉप बॉक्सनाही पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येते. मग संगणक कशाला, असे कोणी विचारील. कधीमधी एखादा कार्यक्रम धरायचा असेल तर बॉक्स पुरेसा आहे, संगणकाच्या फंदात पडूच नका. पण बॉक्सची फाइल बहुधा फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर जाते, आणि तिथे ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही, म्हणून लांब कार्यक्रमाचे तुकडे पडतात. टायमरची सोय जेमतेम असते. संगणक मात्र महिनाभराचे वेळापत्रक लक्षात ठेवतो, एकाच वेळी अनेक वाहिन्या धरतो आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर दाखवतो.

सामानात नवे घ्यावे लागते ते मुख्यतः एकच, डीव्हीबी-एस२ प्रकारचे सॅटेलाइट ट्यूनर कार्ड. डेस्कटॉपमध्ये बसणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड मिळते, यूएसबीला लावायचा डबाही मिळतो. डेस्कटॉप असेल तर आतले कार्ड घ्या. त्याला वीज नीट मिळते आणि वायर निसटत नाही. ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात स्वस्तात मिळतात. पण घेताना आत वाकून पाहा. काहींचे कॅबिनेट इतके अरुंद असते की पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, आखूड पट्टीचेच लागते. कार्ड घेण्याआधी ते मॉडेल लिनक्सवर चालते का आणि त्याचा ड्रायव्हर कुठून मिळतो, हेही तपासून घ्या. केवळ विंडोजची सीडी हातात देणाऱ्या स्वस्त कार्डापासून लांब राहिलेले बरे.

दुकानदार दोन ट्यूनरचे किंवा चार ट्यूनरचे कार्ड घ्या म्हणेल. त्याआधी ट्रान्सपॉंडर ही भानगड समजून घ्या. उपग्रहावरून प्रत्येक वाहिनी वेगवेगळी येत नाही. एका एसटीत डझनावारी प्रवासी बसावेत तशा एका ट्रान्सपॉंडरवर डझनभर किंवा त्याहून जास्त वाहिन्या एकत्र बसून येतात. ट्यूनर त्या ट्रान्सपॉंडरवर गेला की त्यातल्या सगळ्याच वाहिन्या संगणकाच्या हातात येतात, आणि त्यांतल्या हव्या तितक्या एकाच वेळी स्वतंत्र फाइलमध्ये उतरवता येतात. म्हणजे तुमच्या आवडीच्या वाहिन्या एकाच ट्रान्सपॉंडरवर असतील तर एक ट्यूनरही भागवतो. दुसरा ट्यूनर लागतो तो वेगळ्या ट्रान्सपॉंडरवरची वाहिनी त्याच वेळी हवी असेल तर. कोणती वाहिनी कुठे आहे याची यादी आधी काढा आणि मगच कार्ड निवडा. बहुतेक घरांना दोन ट्यूनर पुष्कळ होतात.

दोन ट्यूनर घेतले तर डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबीही दोन तोंडांचा हवा. एलएनबीला उभ्या ध्रुवीकरणासाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि एका तारेतून एका वेळी दोन्हींपैकी एकच मिळते. म्हणून साध्या स्प्लिटरने वायर फोडून एक टोक टीव्हीच्या बॉक्सला आणि एक संगणकाला दिले की दोघांची ओढाताण होते. टीव्हीवर कोणी वाहिनी बदलली की तिकडे रेकॉर्डिंग फुटते. ट्विन एलएनबी लावून दोन स्वतंत्र वायरी आणल्या की हा त्रास उरत नाही. टीव्हीचा बॉक्सही ठेवायचा आणि शिवाय दोन ट्यूनर हवेत, तर चार तोंडांचा घ्या.

डिश नेहमीची ६० सेंटिमीटरची चालते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्या-मुंबईकडून पाहिले तर तो जवळजवळ नेमका आग्नेयेला येतो, म्हणजे होकायंत्रावर १३० ते १३२ अंश, आणि क्षितिजापासून ५९ अंशांच्या आसपास वर. नागपूरहून तो थोडा दक्षिणेकडे सरकतो, १४४ अंशांच्या जवळपास. उपग्रह इतका उंच असल्यामुळे आपल्याकडे अडथळ्याची भीती कमी. डिशपासून दहा फुटांवर असलेली भिंत डिशच्या वर पंधरा फूट गेली तरी ती आड येत नाही. झाडाची फांदी मात्र येते, आणि पावसाळ्यात पाने वाढली की जास्तच. घरी आधीपासून फ्री डिशची छत्री असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी झालेलाच आहे.

वायरच्या टोकाला बसणारा एफ कनेक्टर ही पैशा-दोन पैशाची वस्तू. निम्मी दुखणी तिथून निघतात, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवा. आरजी-६ केबलचे वरचे आवरण सोलले की बारीक तारांची जाळी दिसते. ती जाळी मागे उलटवून आवरणावर चहूबाजूंनी सारखी पसरा. तिचा एक केससुद्धा मधल्या तांब्याच्या तारेला शिवता कामा नये. शिवला की शॉर्ट होतो, व्होल्टेज एलएनबीपर्यंत पोचत नाही आणि कार्डावरही ताण येतो. मग आतले पांढरे इन्सुलेशन कनेक्टरच्या तळाशी भिडेल इतके आत ढकला आणि मधली तार तोंडाबाहेर अगदी थोडी येईल अशी कापा. शक्य असेल तर पिळून बसवायच्या कनेक्टरऐवजी दाबून बसवायचा घ्या. छतावरच्या जोडावर रबरी टोपी किंवा स्वतःवरच चिकटणारी टेप हवीच. तिथून पाणी शिरले की ते जाळीतून झिरपत पार घरातल्या टोकापर्यंत येते आणि अख्खी केबल बाद होते. कनेक्टर लावताना आणि काढताना संगणक पूर्ण बंद ठेवा, आणि डिशच्या खांबाला अर्थिंग करून घ्या.

आता सॉफ्टवेअर. विंडोजच सोयीचे वाटत असेल तर नेक्स्टपीव्हीआर हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. मी तरी लिनक्सच सुचवीन, कारण विंडोज अपडेटसाठी आपण होऊन रीस्टार्ट होऊ शकते, आणि रेकॉर्डरला ते परवडत नाही. उबुंटू किंवा डेबियन टाका आणि त्यावर टीव्हीहेडएंड बसवा. हा प्रोग्राम मागे शांतपणे चालतो, त्याला समोर पडदाही लागत नाही. घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा आयपी पत्ता, पुढे कोलन आणि ९९८१ हा आकडा टाकला की त्याचे पान उघडते.

कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीपासून असेल तर काही करावे लागत नाही. उत्पादकाकडून वेगळा आणावा लागत असेल तर दोन पथ्ये पाळा. बायोसमधले सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर सही नसलेला ड्रायव्हर चढत नाही. आणि कर्नल आपोआप अपडेट होऊ देऊ नका. कर्नल बदलला की तो ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो, आणि तोवर रेकॉर्डिंग ठप्प.

टीव्हीहेडएंडमध्ये काम ठरलेल्या क्रमाने होते. आधी कार्डाचा ट्यूनर चालू करायचा, मग डीव्हीबी-एस प्रकारचे नेटवर्क तयार करून ते ट्यूनरला जोडायचे, नेटवर्कमध्ये ट्रान्सपॉंडर भरायचे, स्कॅन करायचे आणि सापडलेल्या सेवांच्या वाहिन्या करायच्या. तयार यादीतले ट्रान्सपॉंडर जुने असू शकतात, म्हणून चालू आकडे हाताने भरणे चांगले. बहुतेक लोक अडकतात ते इथे. या ठिकाणी वारंवारता किलोहर्ट्झमध्ये भरायची असते. यादीत ११०९० मेगाहर्ट्झ असे लिहिले असेल तर भरायचे ११०९०००० आणि २९५०० हा सिम्बॉल रेट असेल तर भरायचा २९५०००००. तीन शून्ये राहिली की स्कॅन रिकामे येते आणि माणूस उगाच छतावर जाऊन डिश हलवत बसतो. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल निवडा. त्याचा खालचा आंदोलक ९७५० मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळे ११०९० चा सिग्नल केबलमधून १३४० मेगाहर्ट्झ होऊन खाली येतो.

वाहिन्या दिसू लागल्या म्हणजे झाले असे समजू नका. स्टेटसच्या पानावर सिग्नलची ताकद, सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, आणि कंटिन्युइटी एररचा आकडा दिसतो. ताकदीच्या पट्टीला फार महत्त्व देऊ नका. खरे बोलते ते गुणोत्तर आणि एररचा आकडा. एक तास वाहिनी चालू ठेवा आणि पाहा. स्वच्छ आकाशात एररचा आकडा शून्यावर राहायला हवा. वाढत असेल तर कोणीतरी वर जाऊन डिश अगदी केसभर डावी-उजवी, वर-खाली करायची आणि दुसऱ्याने खाली आकडा वाचून फोनवर सांगायचा. एलएनबी आपल्या पकडीत थोडा फिरवल्यानेही गुणोत्तर सुधारते. इथे काढलेला अर्धा तास पावसाळ्यात कामी येतो, कारण केयू बँडचा सिग्नल जोराच्या पावसात खचतोच. हाताशी शिल्लक जितकी जास्त, तितकी सरीत चित्र फुटण्याची वेळ कमी.

रेकॉर्डिंगच्या मांडणीत पास-थ्रू हा पर्याय ठेवा, म्हणजे प्रवाह जसाच्या तसा टीएस फाइलमध्ये उतरतो. साध्या वाहिनीला सेकंदाला २ ते ४ मेगाबिट लागतात. ३ धरले तर तासाला १.३५ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर सातशेहून जास्त तास मावतात. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे जादा रेकॉर्ड होतील असे लावून ठेवा. थेट प्रक्षेपण लांबते, बातम्या लांबतात, आणि मैफलीची भैरवी नेमकी शेवटच्या पाच मिनिटांत असते. प्रसारणाबरोबर कार्यक्रमांचे वेळापत्रक आले तर त्यावर टिचकी मारून रेकॉर्डिंग लावता येते. नाही आले तर वार, वेळ आणि वाहिनी टाकून टायमर लावा. मालिकेसाठी दर आठवड्याचा कायमचा टायमर बसतो.

डिस्कबद्दल माझे मत ठाम आहे. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर ठेवा आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या. रेकॉर्डिंगने डिस्क काठोकाठ भरली तरी संगणक गुदमरत नाही, आणि सिस्टिम पुन्हा टाकावी लागली तर कार्यक्रमांना धक्का लागत नाही. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क सतत लिहिण्यासाठीच असतात, त्या इथे उत्तम. वेगाची काळजी करू नका. अख्खा ट्रान्सपॉंडर उतरवला तरी सेकंदाला पाच एमबीच्या आसपासच लिहावे लागते, आणि साधी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. जी रेकॉर्डिंग हरवली तर वाईट वाटेल, त्यांची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. डिस्क कधी जाईल ते सांगून जात नाही.

घड्याळ आणि वीज यांचा विचार एकत्र करावा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बहुधा संपलेला असतो. मग वीज गेली की तारीख-वेळ मागे जाते आणि बायोसमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. जोडणीच्या दिवशीच नवा सेल घाला. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू ठेवा आणि टाइम झोन कोलकाता निवडला आहे ना ते पाहा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे याची एक नोंद असते. ती ‘पॉवर ऑन’ वर ठेवा, म्हणजे लोडशेडिंगनंतर संगणक आपोआप उठतो. ज्या भागात वीज वरचेवर झपकते तिथे छोटा यूपीएस घ्याच, आणि कार्डापेक्षा आधी घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर संगणक त्याच्या लाइनवर घ्या. मात्र वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना दिवा लुकलुकतो तेवढ्या वेळातही काही संगणक बंद पडतात, तेव्हा एकदा मेन स्विच पाडून तपासून पाहा.

विजेचे बिलही लक्षात घ्या. रिकामा बसलेला जुना डेस्कटॉप ६० वॉट खात असेल तर चोवीस तासांत १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. रोज ठरावीक वेळीच रेकॉर्डिंग असेल तर बायोसमधला आरटीसी अलार्म लावून संगणक तेवढ्यापुरता उठवा आणि काम झाल्यावर बंद होईल असा आदेश वेळापत्रकात घाला. जुने ग्राफिक्स कार्ड लावलेले असेल तर काढून टाका. रेकॉर्डरला त्याची गरज नाही, वीज मात्र ते खात राहते.

पाहण्यासाठी कोडी हा प्रोग्राम घ्या. अँड्रॉइड टीव्हीवर, टीव्हीला लावायच्या स्टिकवर किंवा लॅपटॉपवर तो चालतो, आणि त्यात टीव्हीहेडएंडचे ॲड-ऑन बसवले की वाहिन्या आणि रेकॉर्डिंग दोन्ही रिमोटवर येतात. आजी-आजोबांना नुसते ‘रेकॉर्डिंग्ज’ हे पान उघडायला शिकवले तरी पुरते. जाहिराती कापायच्या असतील तर लॉसलेसकटसारखा प्रोग्राम चित्राला पुन्हा न पिळता कापतो. फाइल लहान करायची असेल तर हँडब्रेक आहे, पण त्यात डीइंटरलेस चालू करायला विसरू नका. दूरदर्शनचे साधे चित्र ७२० बाय ५७६ चे आणि एकाआड एक ओळींचे असते. तसेच आकुंचित केले तर हालचालीच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. जे खरोखर जपायचे आहे ते मुळीच लहान करू नका. एकदा गेलेला तपशील परत आणता येत नाही.

याच संगणकाला यूएसबी व्हिडिओ कॅप्चर लावून लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटही उतरवून घेता येतात. तिथे मात्र चालू व्हीसीआर मिळवणे हेच मोठे काम आहे. तो मिळत असेल तर टाळाटाळ करू नका, कारण कॅसेटवरची फीत दरवर्षी खराबच होत जाते.

हे सगळे उभे राहिले की लगेच महत्त्वाच्या कार्यक्रमावर विसंबू नका. आठवडाभर रोज एक साधे बातमीपत्र रेकॉर्ड करा. त्यात एकदा मुद्दाम वीज घालवून पाहा आणि एकदा दोन वाहिन्या एकत्र लावून पाहा. फाइल उघडते का, आवाज आणि चित्र बरोबर चालतात का, एरर शून्य आहेत का, हे तपासा. आणि डिशचे, वायरीचे, जोडांचे काम मे महिन्यातच उरकून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर पत्र्यावर किंवा निसरड्या गच्चीवर चढू नका.